शेवाळ संपल्यावर

ऑर्डर करताना मी फार विचार केला नव्हता. ‘२० गॅलनच्या टाकीसाठी क्लीनअप क्रू’ असं एक तयार पॅकेज मिळत होतं. दहा ऍस्ट्रिया गोगलगायी, आठ निळ्या पायांचे हर्मिट खेकडे, पाच नॅसेरियस, तीन मार्गारिटा आणि दोन मोठ्या टर्बो, म्हणजे एकूण अठ्ठावीस जीव. शेजारी हिरव्या अक्षरांत ‘जिवंत पोचण्याची हमी’ लिहिलेलं. हमी पोचण्याची होती, पुढची नव्हती, हे आज लक्षात येतंय. तेव्हा मी फक्त शिपिंगचे किती पडतात ते बघत होतो.

रविवारच्या कॉलवर आईला सांगितलं की टाकीत शेवाळ झालंय आणि ते खायला गोगलगायी मागवल्यात. चिंचवडच्या घरात भांडी घासता घासता तिनं ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे टाकीला मावशी लावल्यास म्हण की!” आम्ही दोघंही हसलो. क्लीनअप क्रूचं याहून बरं मराठी मला अजून सापडलेलं नाही.

टाकी म्हणजे खाऱ्या पाण्याची, रीफ टँक. न्यू जर्सीतल्या अपार्टमेंटमध्ये, टीव्ही ठेवायचा त्या जागी. साधारण पंच्याहत्तर लिटर पाणी, त्यात खडक, वाळू, वरून निळसर दिवा, फार्ममध्ये जन्मलेल्या दोन क्लाउनफिश आणि मऊ प्रवाळाचे चार-पाच तुकडे. कोविडनंतर ऑफिस अर्धंअधिक घरूनच चालायचं. दिवसभर स्क्रीनकडे बघून झाल्यावर नजर टेकवायला काहीतरी हवं म्हणून हा उद्योग सुरू केला. पहिला महिना वाळूवर तपकिरी थर आला, तो डायटमचा. नवीन टाकीत तो येतोच, आणि बहुतेक वेळा आपला आपण जातो. मग काचेवर हिरवी साय आली. आणि तिसऱ्या महिन्यात खडकांना केस फुटले. हेअर अल्गी या नावात अतिशयोक्ती अजिबात नाही, बोटभर लांब हिरवे केस, पंखा लागल्यासारखे प्रवाहात हलणारे. प्रवाळ त्याखाली दिसेनासे झाले.

पॅकेज आलं. थर्मोकोलच्या खोक्यात ओल्या कागदात गुंडाळलेल्या गोगलगायी, खेकडे वेगळ्या पिशवीत. दोन तास थेंबाथेंबानं टाकीचं पाणी त्यांच्या भांड्यात सोडलं, कारण क्षारतेत एकदम फरक पडला तर गोगलगायी दगावतात. (तांबंही त्यांना चालत नाही. माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध टाकीत पडलं तर एकही गोगलगाय वाचत नाही. घरी तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायला लावणाऱ्या आजीला हे सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं होतं.) सहा आठवड्यांत खडक स्वच्छ झाले. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

माझा रूममेट सांगलीचा, जैन. कांदा-लसूण सगळं खातो, पर्युषणात आईला वाईट वाटू नये म्हणून एक दिवस उपास करतो, एवढाच त्याचा धर्म. तो सोफ्यावर बसून टाकीकडे बघत सहज म्हणाला, “शेवाळ तर संपलं. आता ही मंडळी काय खाणार?”

मी म्हणालो, “काहीतरी मिळेल त्यांना.”

हे उत्तर मला स्वतःलाच ओळखीचं वाटलं. पण ते नंतर.

‘काहीतरी मिळेल’ हे खरं नव्हतं. आधी मार्गारिटा मेल्या, पण त्या उपासमारीनं नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या थंड पाण्यातली ही गोगलगाय. माझं पाणी साडेपंचवीस अंश. तिच्या दृष्टीनं मी तिला कोमट पाण्यात ठेवलं होतं आणि ती रोज थोडी थोडी मरत होती, मी मात्र तिला ‘आळशी’ समजत होतो. टर्बोंचीही थोडीफार तीच गत. मेक्सिकन टर्बो म्हणून विकली जाते ती कॅलिफोर्नियाच्या आखातातली, आणि तिथलं पाणी हिवाळ्यात चांगलंच गार होतं. ऍस्ट्रिया कॅरिबियनची, तिला उष्णतेचं काही नाही. पण ती वाळूत पाठीवर पडली की तिला सहसा उलटता येत नाही. शंख शंकूसारखा, पाय आखूड. खडकावर असते तोवर ती राणी, आणि वाळूत पडली की एका रात्रीत हर्मिट खेकड्यांचं जेवण. शिवाय खेकड्याला वाढत्या अंगाला नवा शंख लागतो, आणि रिकामा मिळाला नाही तर तो भरलेला रिकामा करून घेतो. नॅसेरियसचा तर शेवाळाशी संबंधच नाही. ती वाळूत पुरून बसते, सोंडेसारखी नळी तेवढी वर, आणि माशांच्या अन्नाचा वास आला की थडग्यातून उठावं तशा सगळ्या एकदम बाहेर येतात. ती मेलेलं आणि उरलेलं खाते. तिला शेवाळाच्या पॅकेजमध्ये का घातलं होतं, तर आकडा फुगवायला.

पाच महिन्यांत अठ्ठावीसचे अकरा झाले.

यात धक्का बसण्यासारखं काही नाही, असं या छंदातली जुनी मंडळी सांगतात. गॅलनमागे एक गोगलगाय हा ठोकताळा, आणि दर सहा महिन्यांनी ‘रिफिल’. प्रिंटरच्या शाईसारखं. ज्या दुकानातून मी मीठ आणतो तिथला माणूस, चांगला माणूस आहे, प्रवाळाला हात लावण्याआधी हात धुवायला लावतो, तो म्हणाला, “ते कन्झ्युमेबल आहेत.” दुकानात प्रवाळाच्या प्रत्येक तुकड्यावर नाव, किंमत आणि घराण्याची पट्टी. गोगलगायी एका कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये, ‘तीन घ्या, एक मोफत’.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण माझा सगळा प्रश्न तिच्याभोवती फिरतो. शेवाळ कशामुळे येतं? उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट. नायट्रेट-फॉस्फेट येतात माशांना घातलेल्या अन्नातून. मासा खातो, अमोनिया सोडतो, बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, शेवाळ ते शोषून वाढतं. गोगलगाय शेवाळ खाते आणि विष्ठेतून त्यातला बराच भाग पाण्यात परत करते. म्हणजे सफाई कामगार टाकीतून काहीही बाहेर नेत नाहीत. मळ फक्त डोळ्यांना दिसेनासा होतो. खरोखर बाहेर काढायचा तर पाणी बदलावं लागतं, स्किमरच्या कपातलं ते चहासारखं दुर्गंधीयुक्त द्रव्य ओतून द्यावं लागतं, शेवाळ हातानं उपटावं लागतं, नाहीतर माशांना कमी खायला घालावं लागतं. ही चारही कामं माझी होती. मी ती टाळली आणि त्याऐवजी अठ्ठावीस जीव मागवले.

आमच्या धंद्यात गार्बेज कलेक्टर नावाचा प्रकार असतो. प्रोग्रॅमनं वापरून टाकलेली मेमरी तो मागून गोळा करत फिरतो, म्हणून आपण निष्काळजीपणे लिहू शकतो. कॉलेजात सी शिकताना प्रत्येक मॅलॉकला फ्री लिहिलं नाही म्हणून मार्क कापायचे, जावा आल्यावर सुटलो. मी गोगलगायींकडे तसंच बघत होतो. फरक एवढाच की गार्बेज कलेक्टरला कचरा नसला तर भूक लागत नाही.

आता ते ओळखीचं वाटलेलं उत्तर.

टाकी घेतली त्याच्या आदल्या वर्षी आमच्या टीमचं एक मोठं मायग्रेशन संपलं. जुनी सिस्टिम, वीस वर्षांचं साचलेलं कोड, ती सगळी क्लाउडवर न्यायची होती. चौदा महिने चाललं. त्यासाठी कन्सल्टन्सीमार्फत पाच माणसं घेतली होती. त्यात नागपूरचे एकजण होते, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ज्या बॅच जॉब्जना हात लावायला कोणी धजत नव्हतं ते त्यांनी एकेक करून वाचले, निम्मे मुळात लागतच नाहीत हे सिद्ध केलं, उरलेले स्वच्छ लिहून काढले. डबा आणायचे, आणि मी मेसचं खातो हे कळल्यावर दर गुरुवारी माझ्यासाठीही आणायला लागले.

काम संपत आलं तेव्हा मॅनेजरनं मला विचारलं, यातलं कोणाला रोल ऑफ करता येईल? तू जवळून पाहिलंयस. मी फुलटाइम होतो, टीमचा लीड होणार अशी चर्चा होती. मी एक स्प्रेडशीट बनवली. डाव्या बाजूला नावं, पुढे उरलेली तिकिटं. दादांच्या नावापुढे शून्य. बाकी चौघांपुढे सात, अकरा, चार, नऊ. दादांचं सगळं झालं होतं. त्यांनी ते सगळ्यांत नीट आणि सगळ्यांत आधी केलं होतं, म्हणूनच शून्य होतं. हे मला शीट बनवतानाच दिसत होतं. मी त्याखाली एक ओळ लिहू शकलो असतो. लिहिली नाही. आकडे काय ते सांगतील, असं स्वतःला सांगितलं.

रूममेटनं तेव्हाही विचारलं होतं, आता त्यांचं काय? मी म्हणालो होतो, त्यांना कुठेतरी मिळेल.

त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी टीमनं त्यांना जेवायला नेलं. सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलले, मीही बोललो. पार्किंगमध्ये ते मला हळूच म्हणाले, “आज आपला पोळा झाला रे बा.” शिंगं रंगवली, झूल घातली, पुरणपोळी खाऊ घातली. एच-वन-बीवर नोकरी गेली की साठ दिवस असतात. कन्सल्टन्सीनं दुसरा क्लायंट शोधायचा प्रयत्न केला म्हणे. एकोणपन्नासाव्या दिवशी ते बायको आणि मुलीला घेऊन नागपूरला परत गेले, मुलीचं शाळेचं वर्ष मध्येच सोडून.

माणसाची तुलना गोगलगायीशी करतोय, हे मला कळतं. दादांनी ऐकलं तर ते आधी हसतील आणि मग मला दोन शब्द ऐकवतील. तुलना त्यांची नाहीच. दोन्हीकडे मी तोच आहे, आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, एवढंच म्हणायचंय. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याच्या कृतघ्नपणाबद्दल वापरतो. वैद्य मरावा असं कोणाच्या मनात नसतं. गरज सरल्यावर वैद्याचा विचारच मनात येत नाही, बस.

आक्षेप उघड आहे: गोगलगायीला काय कळतं? पीटर सिंगरनं १९७५च्या ‘ऍनिमल लिबरेशन’मध्ये रेषा ओढली ती कोळंबी आणि कालव यांच्या मध्ये कुठेतरी, आणि पुढच्या आवृत्तीत कालवांबद्दलही हात जरा आखडता घेतला. माझ्या गोगलगायी नेमक्या त्याच फटीत बसतात. ब्रिटननं २०२२ साली प्राण्यांच्या संवेदनशीलतेचा कायदा केला, त्यात कणा असलेले सगळे प्राणी आहेत, शिवाय ऑक्टोपस-माकूळ आहेत आणि दहा पायांचे कवचधारी, म्हणजे खेकडे-कोळंब्या आहेत. गोगलगाय नाही. म्हणजे त्या कायद्यानं पाहिलं तर माझ्या टाकीतला हर्मिट खेकडा संवेदनशील, आणि ज्या शंखात तो राहतो त्या शंखाची आधीची मालकीण नाही.

रूममेटच्या आजीची वर्गवारी याहून जुनी आणि जास्त उदार आहे. जैन मांडणीत शंख, शिंपले, कृमी हे द्वींद्रिय: त्यांना स्पर्श आहे आणि चव आहे. मुंगीला तीन इंद्रियं, भुंग्याला चार, आपल्याला पाच. दोन इंद्रियं असलेल्याला दोनाइतकं दुखतं, शून्याइतकं नाही.

आणि यात एक योगायोग आहे. शेवाळ खाण्यासाठी टाकीत सोडतात त्या प्राण्यांत सी हेअर म्हणून एक असतो, शंख जवळजवळ गमावलेली मोठी लिबलिबीत गोगलगाय, डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं. याच कुळातल्या ऍप्लिसियावर एरिक कँडेल यांनी स्मृतीचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. जेमतेम वीस हजार मज्जापेशींचा हा प्राणी. शेपटीला विजेचा झटका दिला की त्यानंतर नुसत्या हलक्या स्पर्शानंही तो कल्ले आत ओढून घेतो, आणि झटके काही दिवस पुन्हा पुन्हा दिले तर ती भीती त्याला आठवडोन्‌आठवडे राहते. ‘भीती’ हा शब्द माझा. शास्त्रज्ञ सेन्सिटायझेशन म्हणतात. पण माणसाला आठवण कशी राहते हे आपण ज्याच्याकडून शिकलो, त्याला काहीच कळत नाही असं ठामपणे म्हणायला मला जड जातं.

तरी समजा, दुखतं की नाही हे ठरत नाही. मग प्रश्न संपला का? मला वाटतं नाही, कारण माझा प्रश्न दुखण्याचा कमी आणि कामाचा जास्त आहे.

रोमचा थोरला केटो शेतीवर लिहिताना मालकाला सल्ला देतो, की म्हातारे बैल विकून टाक, जुनी अवजारं विक, म्हातारा गुलाम विक, आजारी गुलाम विक. सगळं एकाच यादीत. माझ्या स्प्रेडशीटहून फार वेगळी नव्हे. त्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी प्लुटार्क केटोचं चरित्र लिहितो आणि या यादीपाशी थबकतो. कायदा माणसांपुरता असतो, पण भलेपणा त्याच्या पलीकडे मुक्या जिवांपर्यंत वाहतो, असा त्याचा सूर आहे. आणि तो अथेन्समधली एक गोष्ट सांगतो. टेकडीवर देऊळ बांधताना ज्या खेचरांनी सगळ्यांत जास्त कष्ट केले त्यांना नंतर मोकळं चरायला सोडलं. त्यातलं एक रोज आपणहून परत यायचं आणि ओझं वाहणाऱ्या खेचरांच्या पुढे चालायचं. तेव्हा शहरानं ठराव केला की त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चानं खायला घालायचं.

कांटला प्राण्यांबद्दल थेट कर्तव्य मान्य नव्हतं. तरी त्याच्या व्याख्यानांत म्हाताऱ्या कुत्र्याचं उदाहरण येतं. आयुष्यभर इमानानं राबलेला कुत्रा आता उपयोगाचा नाही म्हणून त्याला गोळी घालू नये, मरेपर्यंत सांभाळावा. का, तर तसं न करणारा माणूस माणसांशीही हळूहळू तसाच वागायला लागतो. हे कारण मला पूर्वी पळवाट वाटायचं: कुत्र्याचं दुःख राहिलं बाजूला, यांना आपल्या चारित्र्याची काळजी! आता तसं हसू येत नाही. माझ्या बाबतीत क्रम उलटा होता एवढंच. मी आधी माणसाशी तसा वागलो आणि गोगलगायींपाशी ते लक्षात आलं.

यावर दादांची बाजू घेऊनच एक प्रतिवाद करता येतो. दादांना ठाऊक होतं. करार चौदा महिन्यांचा होता, दर त्या मानानं चढा होता, त्यांनी डोळे उघडे ठेवून सही केली होती. सही केलेल्या माणसाची कीव करणं हा त्याचा अपमानच. मान्य. पण मग हाच हिशोब गोगलगायीला लावला तर देणं वाढतं, कमी होत नाही. तिनं कशावरच सही केलेली नाही. बाजारात येणाऱ्या यातल्या बऱ्याचशा फ्लोरिडा, कॅरिबियन, मेक्सिको इथल्या खडकांवरून हातानं उचललेल्या असतात. तिथेही त्या मरतात, खेकडे खातात, मासे फोडतात, निसर्ग कोणाला पेन्शन देत नाही. खरं आहे. पण तिथे निदान पुढचा खडक असतो. इथलं शेवाळ संपलं तर ती सरकते. मी तिला अशा जागी आणलं जिथे पुढचा खडक नाही. चारी बाजूंनी काच आणि भरती-ओहोटीच्या जागी मी.

आणि तिथे, समुद्रात, ती कामाला नव्हती. ही गोष्ट मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. १९८३ साली पनामाजवळ काळ्या लांब काट्यांचे सी अर्चिन, डायडेमा, मरायला लागले. वर्षभरात साथ सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरली आणि नव्वद टक्क्यांहून जास्त डायडेमा गेले. जमैकात खडकावरचं शेवाळ खाणारे मासे लोकांनी आधीच मारून संपवले होते, त्यामुळे शेवाळ रोखून धरणारे हे काटेरी चेंडूच तेवढे उरले होते. सिस्टिमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर, आणि तो फेल होईपर्यंत कोणाच्या लक्षातही आला नव्हता. १९८०च्या चक्रीवादळानं मोडलेलं प्रवाळ पुन्हा उभं राहायचं होतं, त्यावर शेवाळाची गादी पसरली. सत्तरीच्या दशकाअखेर जिथे तळाचा निम्मा भाग प्रवाळानं झाकलेला होता तिथे नव्वदीच्या सुरुवातीला पाच टक्केही उरला नाही. २०२२मध्ये डायडेमांवर पुन्हा साथ आली. या वेळी कारण सापडलं, एक सूक्ष्म केसाळ परजीवी. १९८३चं कारण अजून पक्कं झालेलं नाही.

त्या डायडेमांना कोणी नेमलं नव्हतं. ते फक्त जेवत होते, आणि त्यांच्या जेवणावर अख्खा रीफ उभा होता. ‘सफाई’ हा शब्द आपला, आणि तो लावला की पुढचं सगळं ओघानं येतं: काम, कामाची गरज, गरज संपणं. चिंचवडला आमच्याकडे अकरा वर्षं येणाऱ्या मावशी होत्या. आम्ही फ्लॅट बदलला तेव्हा आईनं त्यांना साडी आणि दोन महिन्यांचा पगार दिला. त्या रडल्या, आईही रडली. नवीन सोसायटीत दुसऱ्या मावशी आल्या. सख्ख्या मावशीला कोणी असं बदलत नाही, हे तेव्हा घरात कोणाला खटकलं नाही, मलाही नाही. मी बारावीत होतो, सीईटी होती.

आता मी काय करतो ते सांगतो, त्यात मोठेपणा काही नाही. शेवाळ दिसलं की आधी बाही वर करून हातानं उपटतो, जुन्या टूथब्रशनं खडक घासतो. माशांना दिवसाआड घालतो, त्यांचं काही बिघडलेलं नाही. दर रविवारी दहा लिटर पाणी बदलतो. नवीन जीव घ्यायचा तर ‘हा काय खातो’ याच्या आधी ‘ते संपल्यावर हा काय खाईल’ हे बघतो. या एका प्रश्नानं यादीची उलथापालथ होते. पॅकेजमधलं जवळजवळ सगळं बाद होतं. सेरिथ राहते: बारीक, दिसायला सामान्य, शेवाळाची साय, कुजका कचरा, उरलंसुरलं सगळं खाणारी. ट्रोकस राहते: पडली तर स्वतः उलटते, उष्ण पाण्यातली आहे, आणि टाकीत वाढवलेली मिळते. नेराइट मला फार आवडते, रत्नागिरीला मामाकडे खडकांवर तिचीच भावंडं पाहत मोठा झालो. पण ती भरतीच्या रेषेवर जगणारी, टाकीतून रात्री बाहेर चढते आणि सकाळी सोफ्याखाली वाळलेली सापडते. तिला मी नाही म्हणतो, प्रेमापोटी. हर्मिट खेकडे तीन उरलेत, त्यांना रिकामे शंख आणून ठेवलेत, मारामाऱ्या थांबल्यात असं नाही, कमी झाल्यात.

सी हेअर मी एकदा आणला. खडकांमागे हात पोचत नव्हता तिथे पुन्हा केस आले होते. दहा दिवसांत त्यानं सगळं साफ केलं, इतकं चोख काम मी टाकीत पाहिलेलं नाही. अकराव्या दिवशी तो काचेवर फिरत होता, थांबत नव्हता. शून्य तिकिटं. इथले छंदी लोक सी हेअर एकमेकांना देतात, एकाकडचं संपलं की दुसऱ्याकडे. मी तासभर गाडी चालवून एका गुजराती काकांकडे तो पोचवला, त्यांच्या शंभर गॅलनच्या टाकीत जंगल माजलं होतं. त्यांच्याकडचं संपल्यावर पुढे कोणाकडे गेला ते विचारायला मी मेसेज टाइप केला होता. पाठवला नाही. पाठवायला हवा.

बाकीच्यांना शेवाळ कमी पडतं तेव्हा मी नोरी घालतो, सुशीला गुंडाळतात तो काळपट हिरवा पापड. रबरबँडनं दगडाला बांधायचा आणि सोडायचा. विनोद असा की त्यातूनही पाण्यात फॉस्फेट जातं आणि थोडं शेवाळ वाढतं. ज्यांना शेवाळ खायला आणलं त्यांना जगवायला मी शेवाळ विकत आणतो. रूममेट म्हणतो, हे फार चांगलं इंजिनिअरिंग नाही. नाहीच.

दादांशी दोन-तीन महिन्यांनी बोलणं होतं. नागपुरात नोकरी लागलीय, पगार पूर्वीच्या मानानं बराच कमी, पण आई जवळ आहे, हे ते दर वेळी सांगतात आणि मी दर वेळी “हो ना” म्हणतो. स्प्रेडशीटचं त्यांना माहीत नाही. सांगायचं असं प्रत्येक कॉलच्या आधी ठरवतो.

परवा त्यांनी विचारलं, “तुझ्या त्या गोगलगायी आहेत का अजून?”

“नऊ आहेत.”

“शेवाळ संपलं म्हणत होतास ना? मग काय खातात?”

“मी घालतो.”

“बरं करतोस,” ते म्हणाले. मग मुलीला हाक मारली, काकाशी बोल म्हणाले. तिची नव्या शाळेतली दुसरी सहामाही चालू होती आणि मराठी लिहिताना र्‍हस्व-दीर्घाचा घोळ होतो अशी तिची तक्रार होती. मी तिला म्हणालो, माझाही होतो.